‘परोपजीवी’ हा शब्द आधी खोडा

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. घरात सासू-सासरे, यजमान, मी, आमची दोन मुले आणि माझे धाकटे दीर आहेत. दिरांचे वय ३६ आहे. अंबडच्या एका कारखान्यातील त्यांची कंत्राटी नोकरी दोन वर्षांपूर्वी सुटली आणि त्यानंतर त्यांनी दुसरी धरलेली नाही. त्यांच्या दुचाकीचा चार हजारांचा हप्ता, मोबाइल, कपडेलत्ते हे सारे यजमानांच्या पगारातून चालते. मी घरीच असते. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, पण चालवतो आम्ही. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेण्या-आणण्याचे काम तेवढे दीर करतात. गौरीजेवणाच्या दिवशी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने पाहुण्यांसमोर त्यांना ‘फुकट्या काका’ म्हटले. सासरे संतापले आणि हा शब्द तो माझ्याकडूनच शिकला, असे म्हणाले. आता मी यजमानांच्या मामांना, ज्यांचा शब्द घरात सगळे मानतात, सविस्तर पत्र लिहीत आहे. त्यात आधी ‘बांडगूळ’ लिहिले, ते खोडून ‘ऐतखाऊ’ केले आणि शेवटी ‘परोपजीवी’ हा सभ्य शब्द घातला. तरीही पत्र टाकायला मन धजावत नाही. याहून सभ्य असा शब्द कोणता? आणि मुलाला काय सांगू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही ज्या क्रमाने शब्द खोडत गेलात, त्या क्रमाने तुमचे पत्र सौम्य होत गेले असे तुम्हांला वाटते. माझ्या मते ते दर वेळी अधिक कठोर होत गेले आहे. मुलाच्या तोंडून निघालेला ‘फुकट्या’ हा या साऱ्यांत सर्वांत हलका शब्द होता आणि तुम्ही विचारपूर्वक निवडलेला ‘परोपजीवी’ हा सर्वांत जड आहे. शिवी संस्कृतात दिली की ती शिवी राहत नाही, अशी आपणा शिकलेल्या माणसांची एक समजूत असते आणि तिच्यापायी आपण पुष्कळदा नको तितके खोल लागणारे बोलून जातो.

‘परोपजीवी’ हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात, आणि तिथे त्याच्या शेजारी जंत, पट्टकृमी, ऊ आणि गोचीड बसलेले असतात. मराठी विश्वकोशाने याच अर्थाने ‘जीवोपजीवी’ असाही शब्द वापरला आहे. या शब्दांत निंदा नाही, नुसते वर्णन आहे, असे कोणी म्हणेल. अडचण नेमकी तीच आहे. जंत हा त्याच्या स्वभावधर्मानेच दुसऱ्याच्या आतड्यात राहतो, त्याला उद्या नोकरी लागत नाही आणि परवा तो भाडे देऊ लागत नाही. हा शब्द माणसाला लावला की त्याची जातकुळीच ठरून जाते आणि सुधारायला, रागवायला किंवा हसून उत्तर द्यायला त्याला जागाच उरत नाही. खरे तर त्यातला ‘उपजीवी’ हा भाग आपल्या ‘उपजीविका’ या प्रतिष्ठित शब्दाचाच सख्खा भाऊ आहे. आधी ‘पर’ लागला आणि नशीब फिरले.

गंमत अशी की ही कल्पना माणसांकडूनच किड्यांकडे गेलेली आहे. प्राचीन ग्रीक भाषेत ‘पॅरासायटॉस’ म्हणजे अन्नाच्या शेजारी बसणारा, अर्थात दुसऱ्याच्या पानावर जेवणारा. ग्रीक आणि पुढे रोमन प्रहसनांत हे एक ठरलेले पात्र असे. यजमानाची स्तुती करावी, विनोद सांगावेत आणि जेवून जावे, एवढाच त्याचा उद्योग. जीवशास्त्राने तो शब्द फार नंतर उसना घेतला आणि आता आपण तो किड्यांकडून परत घेऊन माणसांवर टाकतो. त्या मूळच्या पात्रासाठी मराठीत ‘भोजनभाऊ’ हा अगदी नेमका शब्द आहे. पंगतीची वेळ साधून उगवणारा, आग्रह न करता चार पोळ्या जास्त खाणारा हा गृहस्थ सगळ्यांना ठाऊक असतो आणि त्याची थट्टाही होते, पण त्याच्या नावाच्या शेवटी ‘भाऊ’ आहे. ज्यांना आपण पानावरून उठवणार नाही, त्यांच्यासाठी हा शब्द घडला आहे.

औपचारिक शब्द किती दूर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण परदेशातले आहे. रशियन भाषेत ‘तुनेयादेत्स’ असा एक शब्द आहे; फोड केली तर त्याचा अर्थ सरळ ‘फुकटखाऊ’ असाच होतो. पण तिथे तो चहाच्या टपरीवर राहिला नाही. १९६१ साली सोव्हिएत राजवटीने असे जगणे दंडनीय ठरवले आणि १९६४ मध्ये लेनिनग्राडच्या न्यायालयात योसिफ ब्रॉडस्की या तरुण कवीवर याच आरोपाखाली खटला चालला. कविता आणि भाषांतरे यांना न्यायालयाने काम मानले नाही. पाच वर्षे उत्तरेकडील दूरच्या प्रदेशात सक्तमजुरी करण्याची शिक्षा झाली. सुमारे दीड वर्षाने त्यांची सुटका झाली आणि १९८७ साली त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. तुमचे दीर कविता करतात असे मी सुचवत नाही. पण मामांना लिहिलेले पत्र हाही घरातला एक दावाच आहे, आणि दाव्याच्या कागदावर थट्टेतला शब्दसुद्धा आरोपपत्राचे रूप घेतो.

आता ‘फुकट्या’ घ्या. जी वृत्तपत्रे एरवी बोलभाषेतला एक शब्द आत येऊ देत नाहीत, तीच ‘फुकट्या प्रवाशांवर कारवाई’ असा मथळा बिनदिक्कत छापतात, कारण विनातिकीट प्रवाशाला त्याहून चपखल नाव नाही. त्या मथळ्यातला माणूस आज फुकट्या आहे. उद्या त्याने तिकीट काढले की तो नुसता प्रवासी होतो. हा शब्द कृतीला चिकटतो, माणसाच्या हाडीमांसी जात नाही. म्हणूनच मित्रामित्रांत तो तोंडावर म्हणता येतो: ‘अरे फुकट्या, आज तरी चहाचे पैसे दे’, आणि पुष्कळदा तो खरोखरच देतो. ‘परोपजीवी’ म्हटल्याने कोणी कधी चहाचे पैसे दिलेले मी पाहिलेले नाहीत.

याच घरचा दुसरा शब्द ‘आयतोबा’. विठोबा, खंडोबा या नावांतला आदराचा ‘ओबा’ आयत्याला लावून मराठीने एक लहानसे दैवत उभे केले आहे, ज्याला नैवेद्य वेळेवर लागतो आणि जो नवसाला कधी पावत नाही. तुम्ही तो वापरलेला नाही, पण तुमच्या पत्राचा सूर तोच आहे आणि त्याच्या मागे ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण उभी आहे. वाळवीने वारूळ बांधायचे आणि नागाने त्यात राहायला यायचे. ही म्हण लावण्यापूर्वी बीळ कोणाचे, हे मात्र आधी ठरवावे लागते. तुम्ही एका ओळीत ‘घर सासऱ्यांच्या नावावर आहे’ असे लिहिता आणि त्याच ओळीत ‘चालवतो आम्ही’ असे म्हणता. दोन्ही विधाने खरी असतील, पण मग दीर आपल्या वडिलांच्या घरी राहतात, तुमच्या नव्हे, आणि त्या छपराखाली तुम्ही दोघे पतिपत्नीही वडिलांच्याच संमतीने राहता. सासरे संतापले ते कदाचित नातवाच्या उद्धटपणाने नव्हे, तर आपल्या घरात कोण फुकट राहतो हे ठरवण्याचा मान आपल्याकडून परस्पर काढून घेतला गेला, या जाणिवेने संतापले असतील. जाता जाता सांगतो, समर्थ रामदासांनी मूर्खाची लक्षणे मोजताना सासऱ्याच्या घरी वास करणाऱ्यालाही त्यात बसवले आहे, आणि आपण घरजावयाला आजही हसतो. सून मात्र जन्मभर सासऱ्याच्या घरी राहते आणि त्याबद्दल तिला कोणी नाव ठेवत नाही, ते योग्यच आहे. पण राहण्याचा हिशेब सर्वांना एका मापाने लागत नाही, एवढे त्यावरून लक्षात यावे.

‘बांडगूळ’ तुम्ही खोडलेत ते बरे केलेत, जरी तुमचे कारण वेगळे असले तरी. आंब्यावरचे बांडगूळ तुम्ही पाहिले असेल. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याची फळे खातो, चिकट बी फांदीला लावून जातो आणि तिथून ते झाडात मूळ रोवते. मात्र बांडगुळाला स्वतःची हिरवी पाने असतात. पाणी आणि क्षार ते आंब्याकडून घेते, पण अन्न बरेचसे आपले आपण तयार करते. ज्याला खरोखर काहीच करायचे नसते, ती अमरवेल: पाने नाहीत, हिरवेपणा नाही, नुसते पिवळे दोरे, सारे यजमान झाडाचे. आपल्या भाषेने त्या वेलीला ‘अमर’ असे सुंदर नाव दिले आणि शिवी म्हणून बिचाऱ्या बांडगुळाला निवडले. पण मला महत्त्वाचे वाटते ते शेतकऱ्याला ठाऊक असलेले दुसरेच एक सत्य. बांडगूळ नुसते खुडून जात नाही, ते पुन्हा फुटते. ते घालवायचे तर ज्या फांदीवर ते रुजले आहे ती फांदीच खालून तोडावी लागते. मामांना ‘बांडगूळ’ लिहिणे म्हणजे उपायही तोच सुचवणे आहे, आणि ती फांदी तुमच्या सासूबाईंची आहे.

मधला ‘ऐतखाऊ’ हा वर्गाला लागू पडणारा शब्द आहे. न कसता खंड खाणारा जमीनदार, वतनावर पिढ्यान्‌पिढ्या बसून खाणारे घराणे यांच्याविषयी तो शोभतो, कारण त्यात आळसापेक्षा हक्काची मिजास अधिक आहे. नोकरी सुटलेल्या कंत्राटी कामगाराला तो लावताना माझा हात अडखळेल. ‘ऐदी’ त्याहून बरा, आणि त्याची कथाही ऐकण्याजोगी आहे. मोगल काळात ‘अहदी’ नावाचे शिपाई असत, कोणा सरदाराच्या पथकात नव्हे तर थेट बादशहाच्या चाकरीत एकेकटे नेमलेले. अरबीत ‘अहद’ म्हणजे एक. वेतन चांगले आणि काम क्वचित, त्यामुळे लोकांनी त्यांचे हुद्द्याचे नावच आळसाला देऊन टाकले. ऐदी माणूस आळशी असतो, एवढेच. तो कोणाचे रक्त पितो असा आरोप त्यात नाही. ‘हरामखोर’, ‘खायला काळ आणि भुईला भार’ यांच्याविषयी मी लिहीत नाही. ते शब्द भांडणाच्या शेवटी येतात आणि तुम्हांला भांडण संपवायचे आहे.

मग सभ्य शब्द कोणता, हा तुमचा प्रश्न उरतोच. सरकारी कागदपत्रांत ‘अवलंबित’ असा शब्द असतो. तो निर्विकार आहे, पण त्या रकान्यात आजारी आई, शिकणारी मुलगी आणि धडधाकट भाऊ हे सारे सारखेच दिसतात. शिवाय या रकान्यांवर फार विसंबू नका. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांसह सुमारे ३६ कोटी स्त्रियांना काम न करणाऱ्यांच्या गटात, भिकारी आणि कैदी यांच्याच रांगेत बसवले होते, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अपघाताच्या नुकसानभरपाईचे एक प्रकरण निकाली काढताना कडक नाराजी व्यक्त केली होती. तुम्ही स्वतःविषयी ‘मी घरीच असते’ एवढेच लिहिले आहे. सहा-सात माणसांचा स्वयंपाक करणारी बाई ज्या हिशेबाने ‘घरीच’ ठरते, त्याच हिशेबाने वर्षभर रुग्णालयाच्या खेपा करणारा दीर ‘काहीच करत नाही’ असा ठरतो. म्हणून दुचाकीचा हप्ता माफ व्हावा, असे मी म्हणत नाही. या दोन खेपांनी हप्ता फिटत नाही. पण तुमच्या पत्रात त्या खेपा ‘तेवढे’ या एका शब्दात उरकल्या आहेत, ते मामांच्या नजरेतून सुटणार नाही.

‘आश्रित’ हा शब्द सुंदर आहे, पण तो लिहिताच तुम्ही आश्रयदात्या होता, आणि घर कोणाच्या नावावर आहे हे वर येऊन गेलेच. ‘परावलंबी’ हा शब्द मराठी मनाला विशेष झोंबतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य बोधचिन्हावर पाहत आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणत आपल्याकडे पिढ्या वाढल्या. तिथे धडधाकट माणसाला परावलंबी म्हणणे म्हणजे त्याने शिक्षणच वाया घालवले, असे म्हणणे आहे.

आणि तरीही दुसऱ्याच्या अन्नावर जगण्याला सन्मानाचे नाव देणारी हीच मराठी आहे. पुण्यासारख्या गावांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. काही जण माधुकरी मागत. तो शब्द मधुकरापासून आला आहे, म्हणजे फुलाफुलातून थोडे थोडे घेणाऱ्या भुंग्यापासून. अन्न दुसऱ्याचेच, दारही दुसऱ्याचेच. पण उपमेसाठी बांडगूळ आले नाही की गोचीड आली नाही. याचे कारण मला असे दिसते की वाराला दिवस ठरलेला असे, घर ठरलेले असे आणि शिक्षण संपले की वार संपे. अपमान अनेकांनी सोसले, ते मी नाकारत नाही. पण घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही मुदत ठाऊक होती. तुमच्या घरात दिरांना खर्च देण्याचे कोणी ठरवले नाही आणि तो कधी थांबेल हेही कोणी ठरवले नाही. दोन वर्षे सगळे गप्प राहिले आणि मग एका मुलाने पंगतीत तोंड उघडले.

तेव्हा माझा सल्ला असा की पत्रात दिरांसाठी नामच वापरू नका, क्रियापदे वापरा. मराठीत त्यासाठी ‘खर्च चालवणे’, ‘झेपणे’, ‘हातभार लावणे’ अशी साधी, घरगुती क्रियापदे आहेत आणि त्यांत कोणाची जातकुळी काढावी लागत नाही. ‘ती. मामांस शि. सा. नमस्कार’ या मायन्यानंतर थोडक्यात असे काही लिहिता येईल: ‘भाऊजींची नोकरी सुटल्यापासून, गेली दोन वर्षे, त्यांचा खर्च हेच चालवत आहेत. आईंना डायलिसिसला नेण्या-आणण्याची जबाबदारी भाऊजी सांभाळतात, त्याचा आम्हांला मोठा आधार आहे. मात्र मुलांची शिक्षणे वाढत असल्यामुळे दुचाकीचा हप्ता आम्हांला यापुढे झेपणार नाही. तो त्यांनी कोणत्या महिन्यापासून भरावा आणि घरखर्चाला किती हातभार लावावा, हे बाबा आणि आपण मिळून ठरवून द्यावे.’ यात ‘बाबा’ आधी आणि ‘आपण’ नंतर आले आहे, तो क्रम बदलू नका. सासऱ्यांना वगळून मामांना पंच केलेत तर उद्या ते मामांचेही ऐकणार नाहीत. पत्र टाकण्यापूर्वी ते यजमानांनी आपल्या भावाला दाखवावे. पत्रातले शब्द तसे असतील तर दाखवता येते.

राहिला मुलगा. ‘फुकट्या’ हा शब्द त्याला बंद करू नका. शाळेच्या कँटीनमध्ये तो त्याला रोज लागणार आहे. आपल्या बरोबरीच्या मित्राला म्हटलेला शब्द आणि पाहुण्यांसमोर काकांना म्हटलेला शब्द एक नसतो, एवढे त्याला समजावून त्याच्याकडून काकांची माफी मागवा. गौरीजेवणाला ज्या पाहुण्यांनी तो शब्द ऐकला, ते सगळे त्या क्षणी दुसऱ्याच्या घरचे पुरण खात होते, हेही त्याला सांगायला हरकत नाही. चौदाव्या वर्षी ही विसंगती नीट कळते. शब्द तुमच्याकडून शिकला, या सासऱ्यांच्या आरोपाला तुम्ही उत्तर दिलेले नाही, त्यावरून तो खरा असावा असे मी धरून चालतो. तसे असेल तर माफी मागायला तुम्हीही त्याच्याबरोबर उभ्या राहा. आणि दिवाळीच्या सुटीत डायलिसिसच्या एखाद्या दिवशी त्याला काकांबरोबर पाठवा. आजीला आत घेतल्यावर बाहेरच्या बाकावर साधारण चार तास बसावे लागते. त्या चार तासांनंतर घरी येऊन तो काकांना काय म्हणतो, ते मला अवश्य कळवा.